सहावा केंड

मासे पाच होते. मी पुन्हा मोजले, काचेवरून एकेकावर बोट ठेवत, आणि पुन्हा पाचच भरले. मागे वळून पाहिलं तर येसू काचपेटीच्या कडेला ओठंगून उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत ओला, झबल्याची बाही हाताला चिकटलेली आणि तोंड हलत होतं. हे शाळेत जायला निघून दहा मिनिटं झाली असतील, म्हणजे पावणेअकरा. जाताना त्यांनी पाणी बदललं होतं आणि पेटीवरची जाळी खिडकीत वाळत ठेवली होती, ती तिथंच राहिली होती. मी न्हाणीत पोरीची दुपटी पिळत होते. किती वेळ? दोन दुपटी, फार तर तीन. मी तिच्या तोंडात बोट घातलं तेव्हा ती हसली, मग चावली. जिभेवर शेवाळाचा एक हिरवा धागा होता, एवढाच. तो मी बोटावर घेऊन खिडकीपाशी उजेडात नेला आणि उगाच कितीतरी वेळ बघत राहिले.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट क्रमानं आठवत नाही. तिला पालथी मांडीवर घेतलं, पाठीवर थोपटलं, घशात बोट घातलं. मिठाचं कोमट पाणी चमच्यानं पाजलं. सकाळची नाचणीची पेज आणि दूध सगळं बाहेर आलं, ते मी ताटलीत धरलं आणि काडीनं चिवडून पाहिलं. मासा नव्हता. पण तो असता तरी केवढा असता? वालाच्या दाण्याएवढा. पिवळट हिरवा, अंगावर काळे ठिपके, आणि डोळे असे की एक इकडे बघतो तर दुसरा तिकडे. यांचा कॉलेजातला मित्र कोचीनकडे मत्स्यखात्यात आहे, तो दिवाळीत बहिणीकडे भाऊबिजेला आला तेव्हा थर्मासातून सहा घेऊन आला. तिकडच्या नद्यांत होतात म्हणे, गोड्या पाण्यात, आणि याहून मोठे होतच नाहीत. हे त्या दिवशी जेवले नाहीत. बाजारातल्या लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून आणली, तिच्यात काचा बसवल्या, फटी लांबीनं भरल्या, तीनदा गळली, चौथ्यांदा टिकली. आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट सांगतात. आपल्या खाडीत जाळ्यात सापडला की भोई शिवी देऊन फेकून देतो तो केंड, त्याचीच ही धाकटी जात. विषारी. आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग हातापायांची बोटं, मग श्वास. आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीत असतो, यावर उतारा नाही, असं ते म्हणतात तेव्हा पाहुणा हातातली कपबशी हळूच खाली ठेवतो. हे खूश होतात. या एवढ्याशा जातीत ते विष किती असतं, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, कुणी खाऊन पाहिलंय?

माझ्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं. इंटर सायन्सच्या वर्षी पुण्याला वसतिगृहात पाठ केलेलं ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं. डाव्या हाताचं पान, वर फुगलेल्या माशाचं चित्र, समासात माझ्याच पेन्सिलीची खूण. फक्त अक्षरं दिसत नव्हती. पुस्तक ट्रंकेत होतं. माझ्या माहेरच्या ट्रंकेत, वह्यांच्या खाली, आणि ट्रंकेवर काचपेटी होती. घरात तेवढ्या वजनाला दुसरं काही टेकत नाही म्हणून दिवाळीपासून ती तिथं होती. मी दोन्ही हातांनी पेटी सरकवून पाहिली. पाणी एका अंगाला गेलं, पाचही मासे गोंधळून कोपऱ्यात जमले, आणि पेटी तसूभरही हलली नाही. पाणी बादलीनं उपसायला अर्धा तास लागला असता. अर्धा तास येसूकडे पाठ करून मला बसायचं नव्हतं. मग मी खाली बसले आणि तिच्या ओठांवरून माझ्या वेणीचं टोक फिरवलं. तिनं तोंड फिरवलं. म्हणजे कळतंय. की वेणी दिसली म्हणून तोंड फिरवलं? तिचे डोळे पदरानं झाकून पुन्हा केलं, तर तिला तो खेळ वाटला. चिंचेचं बुटूक जिभेला लावलं, तिनं डोळे मिटले, अंग शहारलं, आणि मला एकदम बरं वाटलं. पण ते किती वेळापुरतं? चौदा महिन्यांचं मूल माझे ओठ बधिर झाले असं सांगत नाही. ते फार तर किरकिर करतं, आणि दात येताना ते रोजच किरकिर करतं. ती ओठ मिटून प्फू प्फू करत होती, थुंकीचे बुडबुडे काढत. हे ती कालही करत होती का? करत होती. परवाही. पण आज जास्त करत नाही ना?

पोलादपूरला आमच्या घरी असंच एकदा झालं होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. माझा धाकटा भाऊ चांगू सारीपाटाच्या कवड्यांशी खेळत होता आणि सात कवड्यांतली एक सापडेना. आईनं दोन दिवस त्याला अंगणात केळीच्या पानावर बसवलं आणि काडीनं सगळं तपासलं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं, नाक धरून मी वडिलांना जाऊन सांगायची. तिसऱ्या दिवशी कवडी वडिलांच्याच बंडीच्या खिशात निघाली. सगळे हसले, आईसुद्धा हसली. पण त्यानंतर ती घरातलं सगळं मोजायला लागली. चमचे, बटणं, वाळत घातलेल्या आमसुलांच्या बिया. चांगू आता मुंबईत गिरणीत आहे, त्याला मिशा आहेत, तरी तो घरी आला की जेवायला वाढताना तिची नजर त्याच्या पानावरून फिरते, काही कमी पडलंय का पाहायला नव्हे, काही जास्तीचं पोटात जात नाही ना ते पाहायला. पुण्याला असताना मी मैत्रिणींना ही गोष्ट सांगून हसवायची. माझं असं होणार नाही, मी शिकले आहे, असं मला वाटायचं. शिकून एवढंच झालं की आईला कवडीची भीती होती, आणि मला त्या भीतीतल्या पायऱ्या पाठ आहेत. आधी ओठ, मग जीभ.

बारा वाजता मी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात गेले. कोटआळीपासून बाजारापर्यंतचा रस्ता उन्हात पांढरा पडला होता. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते आणि होळीची काळी राख अजून चौकात होती, ती चपलांना लागत होती. एसटीच्या थांब्यावर मुंबईची गाडी धुरळा उडवत उभी होती. माझ्या कानाशी येसूचा श्वास लागत होता तो मी मोजत होते, आणि रस्त्यातल्या दगडाला ठेचाळले की मोजणी चुकत होती. डॉक्टर दासगावला गेले होते, चारनंतर येणार होते. बाकावर तीन-चार बायामाणसं बसली होती आणि कंपाउंडर गोमाजी औषधाच्या बाटलीवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवत होता. मी त्याला सांगितलं की मुलीनं बहुतेक मासा गिळलाय. तो मान वर न करता म्हणाला, “कोकणातली पोर हाय वैनी, मासा नाय गिळणार तर काय वांगं गिळंल?” बाकावरची माणसं हसली. मीही थोडी हसले असेन, मला तशी सवय आहे. मग मी म्हणाले, केंड आहे. तेव्हा त्यानं बाटली खाली ठेवली. खाडीवर कशाला नेली होती पोरीला, असं त्यानं विचारलं. खाडीवर नाही, घरात आहेत, पाळलेले, असं मी सांगितलं, आणि मला स्वतःलाच ऐकू आलं ते कसं वाटतं ते. “केंड पाळलाय?” तो म्हणाला. “मास्तरांनी?” बाकावरची एक म्हातारी पुढं वाकून येसूच्या तोंडाकडे बघू लागली. उलटी झाली का, झाली. अंग गरम आहे का, नाही. गोमाजीनं तिच्या पापण्या वर करून पाहिल्या, डॉक्टर करतात तशा, आणि मला वाटतं त्यालाही त्यातलं काही समजत नव्हतं. “बघत राव्हा,” तो म्हणाला, “आनी काय करनार. डॉक्टर आले की सांगावा धाडतो.”

बघत राहा. चौदा महिने मी दुसरं काय करते आहे? परत येताना हा एकच विचार, आणि तोही रागाचा नव्हे, नुसता थकलेला. शाळा वाटेवरच होती. फाटकातून मैदान दिसत होतं, आणि बाहेरच्या पायरीवर घंटा देणारा शिपाई बसला होता. त्याला म्हटलं असतं की मास्तरांना बोलव, तर दोन मिनिटांत हे हातावरची खडूची भुकटी झटकत आले असते. मी थांबले. थांबले आणि पुढं चालू लागले. मी असं का केलं हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण मला ते माहीत होतं. माघ महिन्यात त्यातला एक मासा तळाशी पडून राहिला होता तेव्हा हे रात्रीचं जेवण सोडून पेटीसमोर बसले होते, चिमटीनं त्याच्यापुढं गोगलगाय धरून. त्याच आठवड्यात येसूला ताप होता. मुलांना होतं असं, असं ते म्हणाले होते. तसं होतंही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण मी आता त्यांना बोलावलं आणि सांगितलं, सहातला एक नाही, तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द कुठला निघेल? कुठला, ते विचारतील. शेपटीजवळ खूण असलेला की दुसरा? मग ते घाबरतीलही, धावतीलही, माणूस वाईट नाही. पण तो पहिला शब्द मी ऐकलेला असेल. पोरीला काही झालं तर तो माझ्याजवळ राहील आणि काही झालं नाही तरीही राहील. त्यापेक्षा एकटीनं बघत राहणं मला सोपं वाटलं.

घरी आल्यावर तिला झोप आली. तेच मला नको होतं. मी तिला जागं ठेवायला पाहिलं, डबा वाजवला, गालांवर पाणी लावलं, तेव्हा ती इतकी कळवळून रडली की मी हात टेकले आणि तिला पाळण्यात न घालता मांडीवरच झोपू दिलं. तिची छाती वर यायची आणि खाली जायची. मध्येच एखादा श्वास लांबायचा, तेवढ्या वेळात माझा थांबायचा. समोर ट्रंकेवर ते पाच जण होते. शेपूट न हलवता, नुसते बाजूचे पर थरथरवत ते एका जागी उभे राहतात, आणि मग जवळ येऊन तुमच्याकडे एका डोळ्यानं बघतात. मी हलले की पाचही डोळे हलत. या घरात माझ्याइतकं सारखं बघत राहणारं दुसरं कोणी असेल तर तेच, असं मला कितीदा वाटलंय. त्यांना भूक लागली होती. बनुबाई काल दुपारी गावी गेल्यापासून गोगलगायी नव्हत्या. बनुबाई आमच्याकडे भांडी-धुणं करते आणि येताना तळ्याच्या पायऱ्यांवरच्या शेवाळातून बारीक गोगलगायी डब्यात भरून आणते, कारण या माशांना मेलेलं काही चालत नाही. तिची वाडी कुडपणच्या वाटेवर वर डोंगरात आहे. सुनेला नारू झालाय, पायाच्या घोट्यातून निघालेला, म्हणून तिला अधूनमधून जावं लागतं. तो दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, घाईनं ओढला की तुटतो आणि पाय सडतो, हे तिनंच मला सांगितलं होतं, भांडी घासता घासता. मी म्हणाले होते, पाणी गाळून पीत जा. ती म्हणाली होती, फडकं कितीदा धुवायचं, आन् पानी कुठाय?

तीनच्या सुमाराला दार वाजलं. बनुबाई होती. डोक्यावरचा पदर घामानं काळा झालेला, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, हातात तिचा पितळी तांब्या, त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं. तांब्या रिकामा होता. ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली की आजच परत जाणार, चारची पोलादपूरची गाडी गाठायची आहे, सुनेचा, राहीचा पाय सुजलाय, दवाखान्यातनं मलम आणलंय, चार दिवस कामाला येता येणार नाही. मी मान हलवली. मांडीवर येसू होती, मला उठता येत नव्हतं. मग ती आपल्या पायांकडे बघत म्हणाली, “मास्तरीणबाय, त्यो एकला ऱ्हाईल का वो?”

मी विचारलं, कोण.

“केंड तुमचा. वाटंत निसता फुगून बसला व्हता, पार आवळ्यागत. मला वाटलं फुटतोय आता. टाक्यात सोडला तवा गप झाला.”

मला वाटतं माझ्या तोंडाकडे पाहून ती घाबरली असावी, कारण ती भराभर बोलू लागली. चोरून नेला नाही, विचारलं होतं, बुधवारी विचारलं होतं. पाण्यातले बारीक किडे हा खातो का असं विचारलं तेव्हा मी खातो म्हणाले होते, आणि पेटीत पाण्याचे किडे सोडून तिला दाखवलंही होतं, कसे टिपून घेतात ते. सरकारी माणूस त्यांच्या वाडीत येऊन सांगून गेला होता की नारूचं मूळ पाण्यातल्या किड्यात असतं, मासे सोडा. मासे कुठून सोडणार डोंगरात? म्हणून तिनं म्हटलं, एक मला द्याल का, आमच्या टाक्यात सोडते. “तुमी हां म्हनलात,” ती म्हणाली. “पोरीची नखं काढत व्हतात. मी दोनदा इचारलं. दोनदा हां म्हनलात.”

काढत होते. येसूची नखं, एकेक बोट धरून, कातडीला कात्री लागू नये म्हणून श्वास रोखून. मागं कोणीतरी बोलत होतं आणि मी हं म्हणत होते. मग काल दुपारी मी न्हाणीत असताना बनुबाईनं तांब्यात पाणी घेतलं, ओंजळीनं एक धरला, आणि निघाली. म्हणजे सकाळी येसूनं पाण्यात हात घातला तेव्हा मासे आधीच पाच होते. काल हे अंधार पडल्यावर आले होते आणि सकाळी पाणी घाईत बदललं, म्हणून त्यांनीही मोजले नसावेत. तिच्या हाताला शेवाळ लागलं आणि ते तिनं तोंडात घातलं, आणि ते काय आहे ते तिला सांगता येत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडं ठेवून ती झोपली होती, ओठाच्या कोपऱ्यात लाळ, आणि गालावर माझ्या वेणीचा वळ. आता मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. पाठीत एक रग आली आणि ती हळूहळू खांद्यांपर्यंत चढली, बस्स. मोकळं व्हायला जागाच नव्हती. सकाळपासूनची भीती कुठं जाऊन बसावी हे तिला समजत नव्हतं.

बनुबाई सांगत होती. वाडीतल्या मालोजी म्हाताऱ्यानं अडवलं होतं. तो तरणा असताना खाडीत भोयांबरोबर होता, केंड त्यानं ओळखला आणि म्हणाला पिण्याच्या पाण्यात इख सोडतेस काय, सगळ्यांना मारायला. मग राही लंगडत आली, पायाची काडी सांभाळत, आणि त्याला म्हणाली की मामंजी, पाय तुमचा न्हाय, माझा हाय, आणि तिनंच तांब्या टाक्यात उलटा केला. “खरं सांगा,” बनुबाई म्हणाली, “पानी इखारी व्हतं का त्यानं?”

“पाण्याला काही होत नाही,” मी म्हणाले. “खाल्ला तरच.”

“मंग त्यो कोन खातंय गो बाय,” ती म्हणाली, आणि हसली. “येवढासा जीव. दाताला पन लागायचा न्हाय.”

मी येसूला तिच्या मांडीवर दिलं आणि उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या, बोटांना, आणि क्षणभर मला वाटलं, हेच ते, मग आपलं आपल्याला हसू आलं. वाटीनं एक मासा धरायला बराच वेळ लागला. शेपटीजवळ खूण असलेला सापडला. तो तांब्यात सोडला, पेटीतलं पाणी घातलं, वर शेवाळ घातलं. फडकं भिजवून बांध, उन्हात धरू नकोस, गाडीत मांडीवर घे, असं मी बारीकसारीक सगळं सांगत होते, माझी आई मला पुण्याला पाठवताना सांगायची तसं. दोघं जण टाक्यात काय करतील, किडे खातील की नुसते एकमेकांना ओरबाडतील, हे मला माहीत नव्हतं. ते पुस्तकातही नव्हतं. दोघांनी तरी असावं एवढंच. तांब्यावर तळवा ठेवून बनुबाई उन्हात गेली ती वळणापर्यंत मला दिसत होती.

हे साडेपाचला आले. येसू उठून न्हाणीच्या दारात पातेल्याची झाकणं एकावर एक ठेवत होती. मी चुलीवर दूध ठेवून भिंतीशी बसले होते. रोजच्यासारखे ते आधी पेटीपाशी वाकले, टोपी डोक्यावरच, आणि बोट हलवत मोजू लागले. मग पुन्हा मोजले. “चारच?” ते म्हणाले.

मला सगळं सांगायचं होतं, जिभेवर होतं. बनुबाईचं, टाक्याचं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. “सकाळी येसूचा हात पाण्यात होता,” मी म्हणाले. “जाळी खिडकीत होती. तिच्या तोंडात काहीतरी होतं.” यातला एकही शब्द खोटा नव्हता.

ते वळले. कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. चपला न काढता ते स्वयंपाकाच्या जागेतून तसेच पलीकडे गेले, जे ते कधी करत नाहीत, येसूला उचललं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. तिनं चावलं. ते तसंच राहू दिलं. “किती वाजता?” त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, मी तो कधी ऐकला नव्हता.

“पावणेअकरा.”

“पावणेसात तास,” ते म्हणाले. मग खाली बसले, जमिनीवरच. तिला मांडीत घेऊन तिच्या ओठांवर खडूच्या पांढऱ्या बोटानं ते हळूच टिचकी मारू लागले, एकदा, पुन्हा एकदा, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती प्फू करून हसली. टोपी सरकून कानावर आली होती ते त्यांना कळलं नाही.

आता सांगायला हवं होतं. लगेच. एका वाक्याचं काम होतं, आणि प्रत्येक क्षणाला ते अधिक क्रूर होत चाललं होतं हे मला कळत होतं. दूध वर यायला लागल्याचा आवाज येत होता. ते उतू जाईपर्यंत, असं मी मनाशी म्हटलं, तेवढंच. सकाळपासून पहिल्यांदाच दुसरं कोणीतरी तिच्याकडे बघत होतं. मी डोकं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले.